न्हाणीचं पाणी संडासाला: मराठवाड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. शहर टँकरच्या शिट्टीवर उठत-बसत होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांच्या जिवाला लागली: साडेतीनशे किलोमीटरवरून आलेलं पाणी आपण बादलीने संडासात ओततोय आणि अंघोळीचं पाणी मात्र मोरीतून गटारात जातंय. अंघोळीचं पाणी संडासाला वापरायची तेव्हा सुरू केलेली सवय पुढे धरण भरल्यावरही आम्ही सोडली नाही. ओळखीतल्या लोकांनी, शेजाऱ्यांनी, नात्यातल्या मंडळींनी या विषयावर आम्हाला जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे.

आधी हे सांगा, संडासाला असं किती पाणी लागतं? एवढा खटाटोप करण्याइतकं?

लागतं. जुनी फ्लशची टाकी एका दाबाला १० लिटर सोडते, काही तर १२ लिटर. नव्या दोन बटणांच्या टाक्या लहान बटणाला ३ आणि मोठ्याला ६ लिटरच्या असतात. राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी रोजचे ४५ लिटर फक्त फ्लशसाठी धरलेले आहेत.

आपल्या घराचा हिशोब करू. पाच माणसं, प्रत्येकाचे पाच वेळा, एका वेळेला सरासरी ८ लिटर. रोजचे २०० लिटर झाले, महिन्याचे ६,०००. आपल्याकडचा लहान टँकर ५,००० लिटरचा असतो. म्हणजे महिन्याला एक टँकर आणि वर थोडं, एवढं पाणी फक्त संडासात जातं. तुमच्या गल्लीत टँकरचा जो भाव असेल त्याने गुणा, खर्च-बचतीचा प्रश्न तिथेच सुटेल.

कोणतं पाणी चालतं?

अंघोळीचं, हात-पाय-तोंड धुतल्याचं आणि कपड्यांचं. कपड्यांतही साबणाच्या पहिल्या पाण्यापेक्षा नंतरचं खळबळल्याचं पाणी जास्त चांगलं, कारण त्यात मळ कमी असतो.

याशिवाय आपल्या घरात तीन पाणी असं असतं की ते सांडपाणीही नसतं, तरी आपण ओतून देतो. पहिलं आरओचं वाया जाणारं पाणी. एक लिटर पिण्याचं पाणी काढताना घरगुती मशीन सहसा दोन-तीन लिटर बाजूला टाकतं. ते क्षारयुक्त असतं, पण घाण नसतं. नळी थेट बादलीत सोडा. दुसरं कूलरचं पाणी. डेंग्यूच्या डासांमुळे कूलर आठवड्यातून एकदा रिकामा करून घासायलाच हवा, ते पाणी संडासाकडे न्या. तिसरं ‘शिळं’ पाणी. नळ सुटला की माठ-हंडे-पिंप रिकामी करून मोरीत ओतायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. पिंप धुवायला कुणाची ना नाही, पण ते पाणी मोरीत कशाला?

कोणतं चालत नाही?

भांडी घासल्याचं पाणी नको. त्यात तेल, खरकटं, पिठाचा चिकटा असतो. ते सगळ्यांत आधी सडतं आणि त्याची चिकट साय जाळीवर बसते. मटण-मासे धुतलेलं पाणी तर अजिबात नको. बाळाचे लंगोट आणि दुपटी धुतल्याचं पाणी हे संडासाच्याच पाण्यात जमा. ते साठवायचं नाही, लगेच ओतून द्यायचं. केसांना रंग लावून डोकं धुतलं असेल तर ती बादली वगळा.

घरात कुणाला कावीळ, टायफॉइड किंवा जुलाब असतील, तर तो माणूस बरा होईपर्यंत त्याच्या अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी साठवू नका. आमच्या घरी अशा वेळी सगळीच साठवण बंद ठेवतो. आजारी माणसाच्या घरात कुणी बादल्यांचे हिशोब ठेवत बसावं, अशी अपेक्षाच करू नये.

किती दिवस साठवून ठेवता येतं?

एक दिवस. सकाळच्या अंघोळीचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीपर्यंत संपलं पाहिजे. या विषयातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कारण पुढचे बहुतेक त्रास हे वाक्य मोडल्यावरच सुरू होतात.

कारण साधं आहे. अंघोळीच्या पाण्यात अंगाचा मळ, तेल, केस, साबण असतो आणि हे सगळं जंतूंचं खाद्य आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत जंतू कित्येक पटींनी वाढतात. वाढताना ते पाण्यातला प्राणवायू संपवतात. प्राणवायू संपला की त्याच्याशिवाय जगणारे दुसरे जंतू कामाला लागतात आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याखालचा ड्रम तर त्याहून तापतो. थंडीत एखादा दिवस जास्त निभावून जातो, उन्हाळ्यात नाही.

आम्ही हे अनुभवातून शिकलो. मे महिन्यात अंबाजोगाईला लग्न होतं, तीन दिवस घर बंद. निघायच्या गडबडीत दोनशे लिटरचा ड्रम भरलेला तसाच राहिला. परत आल्यावर कुलूप काढायच्या आधीच वास आला. झाकण उचललं तर वर करड्या रंगाचा तवंग, खाली पाणी काळपट, आणि तळाला बोटभर काळा गाळ. ड्रम रिकामा करून, विटकरीच्या भुग्याने घासून, दोन दिवस उन्हात उलटा ठेवला तेव्हा कुठे वास गेला. आता गावाला निघताना गॅस बंद केला का, हे पाहतो तसं ड्रम रिकामा केला का, हेही पाहतो.

पण आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. कपडे त्याच दिवशी धुतले जातात. मग ते पाणी एका दिवसात कसं संपणार?

हा खास मराठवाड्यातला प्रश्न आहे आणि बाहेरच्या माहितीपत्रकांत याचं उत्तर सापडत नाही. तिथे गृहीत असतं की पाणी रोज येतं, म्हणून सांडपाणीही रोज सारखंच निघतं. आपल्याकडे ज्या दिवशी नळ सुटतो त्या दिवशी चादरी, पडदे, गोधड्या, फरशी सगळं उरकून घ्यायची घाई असते. त्या दिवशी पाचशे लिटर सांडपाणी निघतं आणि पुढचे सहा दिवस शंभर-सव्वाशे.

यावर मोठी टाकी हा उपाय नाही. मोठी टाकी म्हणजे सहा दिवस सडणारं पाणी. उपाय उलटा आहे: स्वच्छ पाणी साठवा आणि कपडे वाटून धुवा. हौद किंवा वरची टाकी भरलेली असेल तर रोजचे कपडे रोज धुणं किंवा एकाआड एक दिवस मशीन लावणं जमतं. स्वच्छ पाणी झाकून ठेवलं तर आठवडाभर टिकतं, साबणाचं टिकत नाही. साठवायला हौदच नसेल आणि कपडे नळाच्याच दिवशी धुवावे लागत असतील, तर त्या दिवशीचं लागेल तेवढं संडासाला घ्या, बाकीचं शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जाऊ द्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

सुरुवात कशी करावी? प्लंबर बोलवू का?

आत्ता नको. आधी महिनाभर बादलीने करून पाहा.

अंघोळ मोठ्या घमेल्यात किंवा टबमध्ये उभं राहून करायची, किंवा न्हाणीच्या जाळीवर रबरी झाकण ठेवून पाणी अडवायचं आणि मगाने बादलीत भरायचं. मशीनची पाण्याची नळी मोरीत न सोडता ड्रममध्ये सोडायची. बादलीच्या तोंडावर जुन्या नायलॉनच्या साडीचं फडकं बांधायचं, केस आणि कपड्यांचे तंतू त्यात अडकतात. सुती फडकं लवकर तुंबतं, म्हणून नायलॉन. फडकं रोज झटकून वाळवायचं.

महिन्याभरात तुम्हाला कळेल की तुमच्या घरातून नक्की किती पाणी निघतं, कोण नेमाने करतं, कुठे अडतं. नंतरचा खर्च त्या माहितीवर करावा. आमच्या माहितीतल्या दोन घरांनी आधीच पंप, फिल्टर, टाकी असं सगळं बसवलं आणि पहिल्या पावसाळ्यात बंद केलं, कारण जाळी साफ करायची कुणालाच सवय नव्हती.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. बादल्या वाहायचं काम न बोलता बायकांच्या वाट्याला येतं, आणि पाणी वाचवल्याचं कौतुक मात्र सगळ्या घराचं होतं. आमच्याकडे नियम आहे, ज्याची अंघोळ त्याची बादली. आजी-आजोबांना यातून सूट, कारण ओल्या फरशीवर भरली बादली घेऊन पाय घसरला तर पाण्याच्या बचतीचं काय करायचं?

कमोडमध्ये बादलीने पाणी टाकलं तर नीट वाहून जात नाही. काय चुकतंय?

मगाने टाकत असाल. कमोडच्या मागे वळणदार नळी असते. ती एकदम पूर्ण भरली तरच ओढ तयार होते आणि सगळं खाली खेचलं जातं. थोडं थोडं पाणी नुसतं काठावरून ओघळून जातं. पाच-सहा लिटर पाणी कमरेच्या उंचीवरून एका झटक्यात ओता. लघवीसाठी दोन-तीन लिटर पुरतात.

भारतीय बैठकीच्या भांड्याला याहून कमी लागतं. ग्रामीण शौचालयांत जे जास्त उताराचं भांडं बसवतात, त्याला तर दीड-दोन लिटरही पुरतात.

हेच पाणी फ्लशच्या टाकीत ओतलं तर?

ओतता येतं, पण आमचा सल्ला नको असाच आहे. टाकीतला रबरी वॉशर आणि बॉल कॉक साबणाच्या चिकट्याने आणि तंतूंनी लवकर बिघडतात. मग टाकी रात्रभर गळत राहते आणि वाचवलेलं सगळं पाणी गळून जातं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यात साबण फुटतो आणि दह्यासारखा पांढुरका चोथा तयार होतो, तो टाकीच्या आतल्या भागांवर थर धरतो. ओतायचंच असेल तर गाळून, पाणी दोन तास स्थिर ठेवून, वरचं निवळ ओता. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक आधी बंद करा.

जुनी मोठी टाकी असेल तर एक लिटरची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून आत उभी ठेवा. प्रत्येक फ्लशला एक लिटर आपोआप वाचतं.

पक्की व्यवस्था करायची आहे. काय काय लागतं?

दुमजली घर असेल तर तुमचं नशीब चांगलं. वरच्या न्हाणीचं पाणी खालच्या संडासाला उतारानेच येतं, पंप लागत नाही आणि लाइट गेली तरी काम अडत नाही. मधल्या उंचीवर, जिन्याच्या लँडिंगवर किंवा डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेत) ड्रम बसवायचा.

एकमजली घरात न्हाणीचं पाणी खाली ड्रममध्ये घ्यावं लागतं आणि लहान पंपाने संडासाच्या वरच्या छोट्या टाकीत चढवावं लागतं. ड्रम दीडशे-दोनशे लिटरपेक्षा मोठा घेऊ नका, कारण वर सांगितलंच आहे. ड्रमच्या तोंडाशी काढून धुता येईल अशी जाळी हवी. संडासाकडे जाणारा पाइप तळापासून चार-पाच इंच वर काढा म्हणजे गाळ सोबत जात नाही, आणि गाळ सोडायला तळाला वेगळा कॉक द्या. जादा पाणी बाहेर पडायचा पाइप आत येणाऱ्या पाइपपेक्षा जाड असू द्या, नाहीतर दोघांच्या अंघोळी लागोपाठ झाल्या की न्हाणीत पाणी चढतं. झाकण घट्ट हवं आणि जादा पाण्याच्या पाइपच्या तोंडालाही बारीक जाळी हवी, कारण डासाला अंडी घालायला बोटभर फट पुरते.

न्हाणीतून निघणाऱ्या पाइपवर दोन वाल्व बसवून घ्या, एक ड्रमकडे, एक गटाराकडे. कुणी आजारी पडलं, केस रंगवले, गावाला जायचं झालं, की ड्रमकडचा बंद आणि गटाराकडचा उघडा. हे दोन वाल्व बसवायला प्लंबर कंटाळा करतात. तुम्ही करू देऊ नका.

पिण्याच्या पाण्यात हे पाणी मिसळायची भीती नाही का?

आहे, आणि ती बाळगलीच पाहिजे. ड्रम कमी भरला तर संडासाला पाणी मिळावं म्हणून लोक स्वच्छ पाण्याच्या वरच्या टाकीची लाइन एका वाल्वने सांडपाण्याच्या टाकीला जोडतात. हे कधीही करू नका. आपल्याकडे नळाला दाब कमी-जास्त होतो, मोटर लावून ओढायची सवय आहे. अशा वेळी वाल्व जरा जरी सैल असला तरी घाण पाणी उलटं चढतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

स्वच्छ पाणी द्यायचंच असेल तर वरून, मोकळ्या हवेतून पडू द्या. नळाचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा दोन इंच तरी वर हवं. सांडपाण्याचा पाइप वेगळ्या रंगाचा ठेवा किंवा त्यावर ठिकठिकाणी रंगाचे पट्टे मारा. आज तुम्हाला माहीत आहे कुठला पाइप कशाचा. दहा वर्षांनी नवा प्लंबर येईल, त्याला कसं कळणार?

हे पाणी जेट स्प्रेला किंवा हात धुण्याच्या नळाला कधीच द्यायचं नाही. फक्त भांड्यात.

ब्लीचिंग पावडर टाकावी का?

रोजचं पाणी रोज संपत असेल आणि तुम्ही बादलीने ओतत असाल तर गरज नाही. पंप आणि टाकीची व्यवस्था असेल तर २०० लिटरला एक लहान चमचा पावडर आधी मगभर पाण्यात कालवून घाला आणि अर्धा तास थांबा. जास्त घातली म्हणजे जास्त शुद्ध, असं नसतं. जादा क्लोरीन सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जंतू मारतं.

आणि ही धोक्याची सूचना नीट वाचा: ब्लीचिंग घातलेलं पाणी आणि संडास घासायचं ॲसिड एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. ज्या दिवशी ॲसिडने घासायचं, त्या दिवशी साध्या पाण्याने भरपूर धुऊन घ्या.

सेप्टिक टँक लवकर भरेल का?

नाही. जेवढं ताजं पाणी ओतत होता तेवढंच आता वापरलेलं ओतताय. साबणाचा थोडा अंश त्याला सोसतो.

गावाकडच्या दोन खड्ड्यांच्या शौचालयाबाबत मात्र एक चूक सर्रास होते. न्हाणीचा पाइप थेट त्या खड्ड्यालाच जोडतात. मग खड्डा पाण्याने भरलेला राहतो, मैल्याचं खत होत नाही आणि पावसाळ्यात तुंबतो. भांड्यात ओतण्यापुरतंच पाणी घ्या, उरलेल्यासाठी वेगळा शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळेच डासमुक्त गाव म्हणून ओळखलं गेलं.

आमच्या आजी म्हणतात, हे पाणी परसातल्या झाडांना द्यावं. संडासात घालवणं बरोबर नाही.

आजींचं अर्धं बरोबर आहे. जुन्या वाड्यांत मोरीचं पाणी अळूला, केळीला, कर्दळीला जायचं आणि ती झाडं भर उन्हाळ्यात हिरवीगार असायची. पण तेव्हा अंगाला डाळीचं पीठ, डोक्याला शिकेकाई आणि कपड्यांना रिठा असायचा. आजच्या कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. आपली काळी माती चिकणमातीच; तिच्यात सोडियम साठला की ती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते, पाणी मुरत नाही. शेतकरी ज्याला चोपण म्हणतात ते हेच. म्हणून आमची वाटणी अशी: कपड्यांचं पाणी संडासाला, अंघोळीचं झाडांना, आणि भाजी-तांदूळ-डाळ धुतल्याचं तर हक्काने झाडांनाच. फ्लॅटमध्ये झाडं चार कुंड्यांची, तिथे सगळंच संडासाला.

फ्लॅटमध्ये हे जमतं का?

डक्टमध्ये डोकावून पाहा. बहुतेक इमारतींत दोन उभे पाइप वेगळे असतात: जाडा चार इंची संडासाचा, आणि त्याहून बारीक तीन इंची न्हाणी-बेसिनचा. ते वेगळे असतील तर सोसायटीला खाली, बारीक पाइपाच्या तोंडाशी, पाणी वेगळं घेता येतं. मात्र बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरातलं पाणीही त्याच पाइपात सोडलेलं असतं. मग तेल अडवणारा चेंबर लागतो, आणि पूर्ण इमारतीचं पाणी असल्याने नुसत्या जाळीवर भागत नाही, पाण्यात हवा सोडणं, वाळू-कोळशाचा फिल्टर आणि क्लोरीन हे करावंच लागतं. वीस घरांनी मिळून महिन्याचा खर्च आणि एक जबाबदार माणूस ठरवल्याशिवाय यात पडू नये.

नवं घर घेत असाल तर बिल्डरला विचारा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या प्रकल्पांसाठी सांडपाण्याच्या पुनर्वापराची तरतूद आहे. यंत्रणा बांधली आहे का, एवढंच विचारून थांबू नका. ती चालू आहे का, संडासाला वेगळी लाइन टाकली आहे का, हे स्वतः टाकीजवळ उभं राहून बघा. टाकीजवळ सडका वास येत असेल तर हवा सोडणारा ब्लोअर बंद आहे असं समजा.

भांडं पिवळट-करडं पडतं. डाग जातात का?

जातात. पाण्याच्या पातळीवर साबणाची कड धरते. आठवड्यातून दोनदा ब्रश मारा. रात्री शेवटच्या वेळी एक मग साधं पाणी टाकलं तर कड बसतच नाही.

पाहुणे आले तर?

संडासात भरलेली बादली पाहून काहींना अवघडतं, हे आम्ही पाहिलं आहे. आम्ही दाराच्या आत एक पाटी लावली: ‘मोठ्या बादलीतलं पाणी फक्त भांड्यात ओतण्यासाठी. धुण्यासाठी छोट्या बादलीतलं ताजं पाणी घ्यावं.’ दोन बादल्या, दोन रंग, मोठी निळी आणि छोटी लाल. लहान मुलं येणार असतील तर मोठ्या बादलीवर झाकण ठेवतो.